जुनी स्विफ्ट, लांबचा ट्रॅक: ब्रेक आणि टायरचा नऊ महिन्यांचा अनुभव

"गाडी पयस भो, पन थांबस का?" (गाडी पळते भाऊ, पण थांबते का?)

सप्टेंबरात इंजिनाला काय काय करता येईल हे विचारायला गेलो, तेव्हा भुसावळच्या आमच्या मिस्तरीने बोनेट न उघडताच हा प्रश्न टाकला. तेव्हा रागच आला होता. डिसेंबरात कोईमतूरला ब्रेकचं पेडल फ्लोअरला टेकलं तेव्हा त्याचं वाक्य जसंच्या तसं आठवलं.

गाडी 2013ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. आठवडाभर जळगावात ऑफिसला आणि सुट्टीच्या दिवशी चाळीसगावला मामाकडे. वर्षातून दोनदा रेसच्या ट्रॅकवर न्यायची, एवढीच हौस. आता खान्देशातून ट्रॅक म्हणजे काय? पिथमपूरचा नॅट्रॅक्स जवळ आहे, पण ती कंपन्यांच्या गाड्या तपासायची जागा. मी जातो तो चेट्टीपाळयमचा कारी मोटर स्पीडवे, कोईमतूरजवळ, 2.1 किलोमीटरचा. इथून दीड हजार किलोमीटरच्या वर. ट्रेलरवर गाडी न्यायची तर भाड्यातच दुसरी जुनी गाडी येईल. म्हणून तीच चालवत न्यायची, तीच ट्रॅकवर पळवायची आणि तिच्यातूनच घरी यायचं. खाली जे लिहिलंय ते याच अटीवर आहे. ज्यांच्याकडे ट्रेलर आहे त्यांचे हिशेब वेगळे.

आधी चुका सांगतो, कारण पैसे तिथेच गेले. पहिल्या खेपेला मी ऑनलाइन भोकांच्या डिस्क मागवल्या. दिसायला झकास, भाव कंपनीच्या साध्या डिस्कपेक्षाही कमी. तिथेच शंका यायला हवी होती. डिस्कला दाबून चाक थांबवणारे पॅड साधेच ठेवले. ब्रेक ऑइल एका गॅरेजात बदलून घेतलं. तिथल्या पोराने फळीवरचा अर्धा वापरलेला डबा काढला, झाकणाऐवजी तोंडाला कापडाचा बोळा होता. मी समोर उभा राहून बघत होतो आणि काहीच बोललो नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, सगळा घोळ तिथे आहे. डॉट 4 या दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा 155वर येऊ शकते. डॉट 3 तर 205वरून 140वर. रस्त्यावर हे कधी जाणवत नाही. ट्रॅकवर जाणवतं, कारण वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी 140वरून 70वर येताना ब्रेकला जेवढी उष्णता झेलावी लागते, ती 80वरून पूर्ण थांबण्याच्या सव्वादोन पट असते. आणि हे दर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या दर फेरीला, पुन्हा पुन्हा, गार व्हायला वेळ न देता.

डिसेंबरात ट्रॅकवरच्या तिसऱ्या सेशनला, म्हणजे तिसऱ्या पाळीला, सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. ऑइल उकळून वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. भराभर दोन-तीनदा पंप केलं, थोडा ब्रेक मिळाला, खालचा गिअर टाकला आणि बाजूच्या मातीत गाडी कशीबशी थांबवली. गाडीला ओरखडा नाही. गुडघे मात्र अर्धा तास थरथरत होते. घरी येऊन चाकं काढली तर डिस्कच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकाकडे निघालेल्या केसाएवढ्या चिरा दिसल्या. डिस्क थेट भंगारात.

मार्चच्या खेपेआधी सगळं पुन्हा केलं, या वेळी घरी. अंगणात जॅक लावून गाडी स्टँडवर घेतली. चुलतभाऊ आत बसला आणि मी चाकापाशी, हातात पाना. ब्लीडिंगच्या (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या) निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत, तळाशी थोडं ताजं ऑइल. "दाब. धर. सोडू नको." निपल पाव फेरा उघडला की नळीतून कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल यायचं, मधे बुडबुडे. निपल बंद. "आता सोड." असं करत करत नळीत मधाचा रंग आला आणि बुडबुडे थांबले. चारही चाकांना मिळून दीड तास लागला. तेवढ्यात एकदा वरची टाकी रिकामी होऊ दिली असती तर हवा शिरून सगळं पहिल्यापासून, म्हणून दर पाच-सहा दाबांनंतर झाकण उघडून बघायचं. फेंडरवर चार थेंब सांडले, ते लगेच पाण्याने धुतले. नाहीतर हे ऑइल रंग खातं. अर्धा लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या, सातशे रुपयांच्या आत. नऊ महिन्यांत गाडीवर केलेल्या खर्चातले सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच. उरलेलं ऑइल जपून ठेवायचा मोह मी आता आवरतो.

डिस्क कंपनीच्या साध्या घेतल्या, भोकं नाहीत, खाचा नाहीत. पॅडवर मात्र खर्च केला, साडेपाच हजार. खरे रेसिंग पॅड घेतले नाहीत, कारण ते तापल्याशिवाय पकडतच नाहीत, आणि मला पहाटे थंड गाडी घेऊन हायवेवर ट्रकांच्या मागे थांबायचं असतं. मधल्या प्रकारचे सेमी-मेटॅलिक घेतले. सकाळी पहिल्या सिग्नलला किंचाळतात, ड्रायफ्रूटवाल्याच्या दुकानासमोर सगळे वळून बघतात. चाकंही दोन दिवसांत काळी पडतात. ते मी चालवून घेतो. नवे पॅड बसवल्यावर एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर रविवारी सकाळी साठवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मुरवून घेतले आणि मग गार होऊ दिले. हे टाळलं तर नव्या पॅडमधला राळेचा अंश ट्रॅकवरच जळतो आणि ऐनवेळी पकड जाते.

मार्चला पेडल एकदाही खाली गेलं नाही. सहाव्या लॅपला मात्र वेगळाच प्रकार: पेडल दगडासारखं टणक आणि गाडी थांबायला नाखूश. म्हणजे ऑइल ठीक, पॅड तापून थकले. हा फरक कळला की काय दुरुस्त करायचं ते कळतं. आता चार लॅप जोरात, मग एक लॅप ब्रेकला हात न लावता गार करायची आणि पिटमध्ये हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी करायची. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइपही टाकलेत. खरं सांगू? जुने रबरी पाइप दहा वर्षांचे होते, कंपनीचे नवे रबरी टाकले असते तरी एवढाच फरक पडला असता.

आणखी एक शहाणपणा केला होता. हवा लागावी म्हणून डिस्कमागचा पत्रा काढला. परतीच्या पावसात चाळीसगावच्या बाजूला शेताच्या रस्त्यावर गाडी घातली आणि आपली काळी माती डिस्कमागे अशी भरली की दोन दिवस नुसतं करकर. पत्रा परत लावला.

टायरबद्दल लोक ब्रँडवर भांडतात. माझं म्हणणं, आधी दोनशे रुपयांऐवजी आठशेचा प्रेशर गेज घ्या. व्हीएक्सआयला 165/80 आर14 मापाचे टायर येतात, आर14 म्हणजे 14 इंची चाक. मी स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलच्या, झेडएक्सआयच्या, 15 इंची चाकांचा जुना सेट घेतला आणि 195/60 आर15 टाकले. एकूण व्यास एक टक्काही बदलत नाही, म्हणून स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. दुकानदार "नवाच माल" म्हणाला, तरी बाजूवरचे चार आकडे मी वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. एक टायर इतरांपेक्षा तीन वर्षं म्हातारा निघाला, तो बदलून घेतला.

आता हवेचं. तापमान सहा अंश वाढलं की प्रेशर साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढतं. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात पहाटे 27 अंशांत भरलेली हवा दुपारी 45ला, गाडी जागेवरून न हलताही, तीन पीएसआय जास्त दाखवते. ट्रॅकवर वाढ आणखी मोठी. मी सकाळी गार टायरमध्ये 29 ठेवतो, सेशननंतर 34-35 दिसतात. टायरच्या खांद्यावर बुटाचं पांढरं पॉलिश लावायचं आणि वळणं घेऊन आल्यावर ते कुठपर्यंत पुसलं गेलं ते बघायचं. बाजूवरच्या छोट्या त्रिकोणाच्या खालीही पुसलं गेलं तर हवा कमी, त्रिकोणापासून लांब वरच राहिलं तर जास्त. पंचवीस रुपयांचं पॉलिश, दोन खेपांना पुरलं.

यातही एक घोडचूक झाली. डिसेंबरात दुपारी गरम टायरमधून हवा काढली आणि दुसऱ्या पहाटे तशीच परतीला निघालो. मागच्या सीटवर अवजारं, दोन बॅगा, आईने दिलेल्या कळण्याच्या भाकरीचा डबा. हुबळीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा टायरला हात लावून बघितला, चटकाच बसला. गेज लावला तर गरम असूनही 28. आता ट्रॅकवरून निघायच्या आधी सामानाच्या हिशेबाने हवा भरतो, रात्री उशीर झाला तरी.

पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा आतल्यापेक्षा लवकर झिजल्यात. कंपनीच्या सेटिंगमध्ये चाकं वळणात पुरेशी आत झुकत नाहीत. त्यासाठी हा झुकाव बदलणारे कॅम्बर बोल्ट मागवलेत. मिस्तरीला सांगितलं तर म्हणाला, "इतला पैसा चाकमा?" (एवढा पैसा चाकात?) पण बोल्ट तोच बसवणार आहे, पुढच्या रविवारी. लायनर बघायला मागचे ड्रमही तेव्हाच उघडायचेत.