खटक्याचे मतदान यंत्र: न्यूयॉर्क, २ नोव्हेंबर १९५४

मतमोजणी झटपट उरकायची तर या यंत्राला तोड नव्हती. फेरमोजणीची पाळी आली की मात्र ते तुम्हाला उघड्यावर टाकत असे. जेम्सटाउनच्या ऑटोमॅटिक व्होटिंग मशीन कंपनीचे, आता वापरातून गेलेले हे यंत्र जोखायला न्यूयॉर्क राज्याची १९५४ची निवडणूक फार सोयीची आहे. ५१ लाखांहून जास्त मते पडली आणि गव्हर्नरपदाचा, म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाचा, निकाल ११,१२५ मतांनी लागला. एवढ्या थोड्या फरकात यंत्राचे गुणही दिसतात आणि खोडही.

वापरायला सोपे. समोर उभे राहून लाल दांडा उजवीकडे ओढला की पाठीमागे पडदा मिटतो आणि खटके मोकळे होतात. पडदा उघडा असेपर्यंत एकही खटका हलत नाही. नावावरचा छोटा खटका खाली पाडला की शेजारी फुली दिसते. मत अजून नोंदलेले नसते. विचार बदलला तर खटका वर करून दुसरा पाडायचा. दांडा डावीकडे परत नेला की पाडलेल्या खटक्यांमागचे मते मोजणारे काउंटर एकेक घर पुढे सरकतात, सगळे खटके जागेवर जातात आणि पडदा उघडतो, तेही एकाच हालचालीत. मागून येणाऱ्याला कोरे यंत्र दिसते. बाद मत हा प्रकारच इथे उरत नाही, कागदी मतपत्रिकेवर हे कधी जमले नाही.

यंत्राच्या दर्शनी भागाची मांडणी अशी: पदे उभ्या रांगांत, पक्ष आडव्या ओळींत. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर या जोडीला मिळून एकच खटका, कारण जोडीने एक मत देण्याची पद्धत याच निवडणुकीपासून आली. पुढे कंट्रोलर (राज्याचा हिशेब सांभाळणारा), मग अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी). काही राज्यांत अख्ख्या पक्षाला एका फटक्यात मत देणारा मोठा खटका असे. न्यूयॉर्कच्या यंत्रावर तो नाही, आणि नाही ते बरेच आहे. प्रत्येक पदासाठी हात वेगळा उचलावा लागत असला की ओळ बदलणे जड जात नाही. गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट अ‍ॅव्हरल हॅरिमन जेमतेम आले, पण अ‍ॅटर्नी जनरलपदी रिपब्लिकन जेकब जॅव्हिट्स यांनी डेमोक्रॅट धाकट्या फ्रँकलिन रूझवेल्टना (राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टांचे पुत्र) दीड लाखाहून जास्त मतांनी हरवले.

यंत्राचे खरे कसब आतल्या अडसरात आहे. एका पदाच्या सगळ्या खटक्यांमागे एक सामाईक खोबण असते आणि तिच्यात पाचरी. खोबणीत एकाच पाचरीपुरती मोकळी जागा सोडलेली असते. एक खटका पडला की ती जागा भरते, दुसरा दाबला तरी खाली येत नाही. हॅरिमन यांचे नाव डेमोक्रॅटिक आणि लिबरल अशा दोन पक्षांच्या ओळींत होते. अडसरामुळे दोन्हीकडे मत देता येत नाही, पण काउंटर मात्र दोन. त्यामुळे बेरीज झाली तरी कोणत्या ओळीने किती दिले ते कळते. हॅरिमन एकूण २५,६०,७३८, रिपब्लिकन आयर्विंग आयव्ह्ज २५,४९,६१३. यातली दोन लाखांहून जास्त मते हॅरिमनना लिबरल ओळीतून आली, म्हणजे नुसत्या डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन ओळी मोजल्या तर रिपब्लिकन ओळच भारी होती. अमेरिकन लेबर पार्टीच्या ओळीचे काउंटर राज्यभर मिळून ५०,००० पर्यंत पोहोचले नाहीत आणि तेवढी मते न मिळाल्याने पक्षाची मतपत्रिकेवरची हक्काची जागा गेली.

तयारीत कसूर झाली की यंत्र निमूटपणे चूक करते. आधी नावांच्या पट्ट्या बसवायच्या. पट्टी थोडी सरकली तर खटका नक्की कोणाचा ते मतदाराला उमगत नाही. मग अडसर पदांच्या संख्येप्रमाणे लावायचा, प्रत्येक काउंटर शून्यावर आणून डोळ्यांनी वाचायचा, सील ठोकायचे, सीलचा क्रमांक लिहून ठेवायचा. एकूण किती वेळा दांडा फिरला ते सांगणारा संरक्षक काउंटर कधीच शून्यावर येत नाही. त्याचा सकाळचा आकडा नोंदवायला विसरलात तर रात्री ताळा कशाशी करणार? मतदान संपल्यावर दांडा कुलूपबंद करून मागचे झाकण उघडतात. एकाने वाचायचे, दुसऱ्या पक्षाच्या निरीक्षकाने लिहायचे. ३ चा ८ इथेच होतो, यंत्रात नाही.

यांत्रिक दोषांत पहिला नंबर ९९ चा. ९९ वरून १०० होताना तीनही चाके एकदम फिरावी लागतात, त्याला जोर जास्त लागतो. तेलपाणी न झालेला काउंटर तिथेच अडकतो. मतदाराला काहीच जाणवत नाही, खटका नेहमीसारखाच पडतो. निकालपत्रात ९९ हा आकडा जरा जास्तच वेळा दिसायचा तो म्हणूनच. काउंटरच्या चाकांच्या दातांत पेन्सिलीचे शिसे अडकवले तरी हेच घडते, आणि शिसे चुरा होऊन पडले की पुरावाही जातो.

अशा वेळी मोजायचे काय? आपल्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीसारखे आत काही नाही. फेरमोजणी म्हणजे तेच काउंटर पुन्हा वाचणे. अमेरिकेच्याच मिनेसोटा राज्यात १९६२ साली गव्हर्नरपदाचा वाद कागदी मतपत्रिकांवर चालला, एकेक संशयास्पद पत्रिका हातात घेऊन. मार्च १९६३ मध्ये कार्ल रोलवाग ९१ मतांनी विजयी ठरले आणि शपथ घेऊन बसलेल्या एल्मर अँडरसन यांना खुर्ची सोडावी लागली. वेळ गेला, पण वाद घालायला काहीतरी हातात होते.

यादीबाहेरचे नाव लिहायची सोय आहे, पण कटकटीची. वरच्या पट्टीतली त्या पदाची धातूची झडप सरकवायची आणि आतल्या कागदाच्या गुंडाळीवर लिहायचे. झडप उघडली की त्या पदाचे सगळे खटके अडतात आणि ती परत लावता येत नाही. चुकून उघडणाऱ्याचे मत त्या पदापुरते गेले. घटनादुरुस्तीचे प्रश्नही असेच अगदी वर, उमेदवारांच्या ओळींपासून दूर असतात आणि बरेच लोक त्यांना हात न लावताच बाहेर पडतात. बुटक्या माणसाला तर तिथे टाचा उंचावाव्या लागतात. म्हणून दांडा ओढल्याबरोबर आधी वरची ओळ वाचावी, उमेदवार नंतर.