कंपनी खरी, विक्रेता खोटा: आगाऊ रक्कम भरण्याआधी काय तपासाल

यंत्रसामग्रीच्या खरेदीतली ही फसवणूक सावध माणसालाही गाठते, कारण तिच्यातले कागद खरे असतात. विक्रेता कोटेशनसोबत कंपनीच्या स्थापनेचा दाखला पाठवतो. खरेदीदार त्यावरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, एमसीएच्या (केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर टाकतो, ‘ॲक्टिव्ह’ दिसतं आणि निम्मी रक्कम आगाऊ जाते. माल येतच नाही. मग कळतं की कोटेशन पाठवणाऱ्याचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नव्हता. तो दाखला तर पोर्टलवर 100 रुपये भरून कोणीही उतरवून घेऊ शकतं!

त्यामुळे कंपनी नोंदलेली आहे एवढ्यावर विसंबू नका. पैसे मागणारा माणूस तिच्याच वतीने बोलतोय का, हे पाहायचं असतं. सुरुवात जीएसटी क्रमांकापासून करा. त्याच्या 15 अक्षरांत पहिले 2 आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढची 10 अक्षरं पॅनची. क्रमांकातलं सहावं अक्षर कंपनीसाठी ‘सी’ असतं, व्यक्तीसाठी ‘पी’, भागीदारी फर्मसाठी ‘एफ’. कोटेशनवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहावं अक्षर ‘पी’ असेल, तर तिथेच थांबा. जीएसटी पोर्टलवर कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, विवरणपत्रं भरली की नाही, सगळं फुकट दिसतं.

खरी मेख बँक खात्यात असते. कंपनी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि खातं त्याच नावाच्या ‘एंटरप्रायझेस’चं, म्हणजे पैसे तिसऱ्याच्याच खिशात. ‘आमचीच सिस्टर कंपनी आहे’ हे उत्तर अजिबात चालवून घेऊ नका. सही करणारा संचालकांच्या यादीत नसेल तर संचालक मंडळाचा ठराव मागा, आणि खातरजमेचा फोन कोटेशनवरच्या नंबरवर न करता स्वतः शोधलेल्या नंबरवर करा.

अधिकृत भांडवलाच्या आकड्याला भुलू नका, ती फक्त शेअर काढण्याची कमाल मर्यादा असते; भरणा झालेलं भांडवल, म्हणजे भागधारकांनी खरोखर भरलेले पैसे, बघा. शेवटचा ताळेबंद जुना असेल तर कारण विचारा. वापरलेलं यंत्र घेताना एमसीए पोर्टलवरची ‘चार्जेस’, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेवरच्या कर्जतारणांची नोंद, जरूर उघडा, नाहीतर बँकेकडे तारण असलेलं यंत्र गळ्यात पडतं.

रक्कम ऑनलाइन गेलीच असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेला यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा बँकेचा संदर्भ क्रमांक) लेखी कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की ते गोठवणं फार अवघड होतं.