६० की १२० एफपीएस? मराठवाड्याच्या उन्हाळ्यातला हिशेब

फोनवरच्या गेममध्ये एफपीएस म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात तो आकडा. ६० एफपीएसला एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते, १२० ला ८.३. गोळीबाराच्या गेममध्ये नेम झटकन फिरवताना हा फरक बोटांना कळतो. क्रिकेटच्या गेमला ६० भरपूर झाले. आणि पडदाच ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारा असेल तर १२० चा विषयच संपला, जादा फ्रेम दिसणारच नाहीत.

खरी गोची मे महिन्यात. परभणीत पारा ४२ च्या वर, त्यात फोन चार्जिंगला लावून १२० वर खेळलात की प्रोसेसर तापतो, आपला वेग उतरवतो आणि फ्रेम १२० वरून ७०, मग ५० अशा हेलकावतात. डोळ्याला खुपतो तो हा चढउतार. एकसारखे ६० त्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत वाटतात. तेव्हा दुपारी ६० वर लॉक करा, गेममधल्या सावल्या बंद ठेवा, कव्हर काढा. १२० रात्री, गच्चीवर.