कोडियाकवरील माउंटन गोटची शिकार : एका मार्गदर्शक सेवेचे परीक्षण

अलास्कात परदेशी नागरिकाला परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय माउंटन गोटची, म्हणजे डोंगरकड्यांवर राहणाऱ्या पांढऱ्या, शेळीसारख्या जनावराची, शिकार करता येत नाही. त्यामुळे या हौसेच्या खर्चाचा मोठा वाटा मार्गदर्शकाच्या शुल्काचाच असतो आणि त्यासाठी आधीपासून दरमहा पैसे बाजूला टाकावे लागतात. कोडियाक बेटावरील ज्या सेवेची आम्ही निवड केली, तिने हप्त्यांची सोय दिली हे खरे. मात्र दरपत्रकात शिकारीचा परवाना, टॅग (मारलेल्या जनावराला लावायची सशुल्क पट्टी), छोट्या विमानाचे भाडे, बक्षिसी आणि मांस घरी पाठवण्याचा खर्च धरलेला नव्हता, आणि धुक्यामुळे विमान अडकले तेव्हा हॉटेलचे बिलही आमच्याच माथी आले.

मार्गदर्शकाच्या कामाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. या जनावरात नर-मादी दोघांनाही काळी शिंगे असतात. नराची बुडाशी जाड आणि एकसारख्या बाकाची, तर मादीची सडपातळ आणि टोकाकडे एकदम वळलेली. दुर्बिणीतून ही पारख पटेपर्यंत त्याने आम्हाला रायफलीला हात लावू दिला नाही. (बेटावर हे प्राणी मूळचे नव्हेत, १९५२-५३ मध्ये ते तेथे आणून सोडले गेले.)

बचतीचा आकडा ठरवताना मूळ शुल्कावर निदान चौथा हिस्सा जास्त धरावा आणि आगाऊ रक्कम परत मिळण्याच्या अटी लेखी मागून घ्याव्यात.