निसर्गोपचार केंद्र की नेहमीचे डॉक्टर? आधी पॅकेज सोडवून बघा

ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा वाशीत 'सायंटिफिक नॅचरोपॅथी'ची पाटी दिसते, आणि रिपोर्टमध्ये नुकतीच साखर निघालेली असते. मग तिकडे जावं की फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ गाठावा? माझं म्हणणं, तुलना दोन पाट्यांची करूच नका. केंद्राच्या एकाच बिलात दुधीचा रस, योगासनं, रेकी (हातांनी 'ऊर्जा' देण्याचा उपचार) आणि 'क्वांटम' मशीन असं सगळं असतं. एकेक कलम वेगळं काढून बघा.

आहार आणि व्यायामावर दोघांत वादच नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार-व्यायामाला लावलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. हा पुरावा आधुनिक वैद्यकानेच गोळा केलाय. पण ओपीडीत पथ्यावर बोलायला डॉक्टरांना दोन मिनिटं मिळतात, केंद्रात निवांत ऐकून घेतात, पथ्याचं जेवण समोर वाढतात. हा फरक खरा आहे, आणि त्याचे पैसे मोजावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही.

गडबड होते ती पुढे. उसाबरोबर एरंडालाही पाणी मिळतं, तसं वजन उतरल्याचं श्रेय रेकी लाटते. रेकीसारखीच हातांना ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या 'थेरप्युटिक टच'वाल्यांची परीक्षा एमिली रोझा या नऊ वर्षांच्या अमेरिकन मुलीने घेतली होती. त्यांनी पडद्यातून दोन्ही हात पुढे करायचे आणि तिचा हात कुठल्या हातावर आहे ते न बघता सांगायचं. २८० वेळांपैकी १२३ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी बरं! १९९८ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं.

पाय बुडवायचा 'डिटॉक्स' टब तर बघण्यासारखा. मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्या, त्यांतून करंट. थोड्या वेळात पाणी तपकिरी, वर तवंग. 'बघा, किती विषारी द्रव्यं निघाली!' तो पट्ट्यांचा गंज असतो. पाय न घालता टब चालवून दाखवा म्हणा, पाणी तरीही तपकिरी होईल. बुबुळ बघून रोग ओळखण्याचंही तेच. १९७९ मध्ये १४३ जणांच्या डोळ्यांचे फोटो दाखवले, त्यातले ४८ किडनीचे रुग्ण कोण हे बुबुळं वाचणाऱ्या तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. मूठ आवळून धरायच्या त्या 'क्वांटम' मशीनच्या लांबलचक प्रिंटआउटवर तर मी रुपयाही घालवणार नाही.

पदवी विचारा. बीएनवायएस हा निसर्गोपचार आणि योगाच्या पदवीचा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. रेकीचं सर्टिफिकेट शनिवार-रविवारच्या शिबिरातही मिळतं. मात्र पदवी खरी असली म्हणून तिच्याखाली विकलेला टब खरा ठरत नाही. शिवाय मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा फलकावर तसं लिहिलेलं दिसलं की आत जायचे कष्ट वाचले.

वजन कमी करायचंय, घरात पथ्य सांभाळलं जात नाही आणि खिशाला झेपतंय, तर केंद्रातला आहार आणि योग तेवढा घ्या. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) बाहेरच्या लॅबमध्ये करा. हात आखडता असेल तर कळव्याचं किंवा वाशीचं पालिका रुग्णालय आहेच. गुडघेदुखीला आधी फिजिओथेरपिस्ट. आणि टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही) असलेल्या मुलाचं इन्सुलिन 'हळूहळू सोडवू' असं कुणी म्हणालं, तर भरलेल्या पैशांचा विचार न करता मुलाला घेऊन तिथून निघा. इन्सुलिन तुटलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं.