दातांतली फट: बाँडिंग की तार?

माझ्या भाचीच्या समोरच्या दोन दातांत फट आहे. लग्न ठरल्यावर घरात एकच विषय: बाँडिंग करायचं की तार लावायची?

बाँडिंगमध्ये दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट (दातात भरायचं राळेसारखं मिश्रण) दाताच्या कडेला चढवून निळ्या प्रकाशाने कडक करतात. बहुतेक वेळा भूल लागत नाही, दात फारसा घासावा लागत नाही आणि काम एका बैठकीत होतं. लग्न महिन्यावर असेल तर मी हेच सुचवेन. पण आपल्याकडचं खाणं आठवा. ऊस दातांनी सोलायचा, हुरड्यासोबत गूळ-शेंगदाणे, दिवसातून चार वेळा चहा. कॉम्पोझिटचा टवका उडतो, चहा-हळदीने ते पिवळं पडतं, तंबाखूने तर लवकरच. साधारण पाच-सात वर्षांनी पुन्हा करावं लागतं. फट मोठी असेल तर दात फावड्यासारखे रुंद दिसतात, ते मला अजिबात आवडत नाही.

तारेने दात खरोखर सरकतात. वेळ मात्र वर्ष-दीड वर्ष, दर महिन्याला फेरी. परभणी-हिंगोलीच्या खेड्यातून येणाऱ्याला ते जड जातं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च तरी कमी येतो. तार काढल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी किंवा तार, वापरला नाही तर फट परत येते.

वरच्या ओठाला आतून हिरडीशी जोडणारा पडदा जाड असेल तर आधी तो बघून घ्या. आणि फट अलीकडेच वाढू लागली असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर हे दोन्ही थांबवून आधी हिरड्यांचा इलाज करा.