अम्हारिक सबटायटल्ससाठी ‘सबटायटल एडिट’: आधी सेटिंग बदला, मग काम घ्या

इथिओपियातल्या प्रेक्षकांसाठी व्हिडिओला अम्हारिक सबटायटल्स द्यायचे असतील, तर ‘सबटायटल एडिट’ हे विंडोजवरचं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर व्यावसायिक कामालाही पुरतं. फक्त ते उघडून थेट टायपिंगला बसू नये. ओळीची लांबी आणि वाचनवेग यांच्या त्यातल्या मर्यादा लॅटिन लिपी धरून ठरवलेल्या आहेत.

अम्हारिकच्या फिदेल लिपीत व्यंजन आणि स्वर मिळून एकच चिन्ह होतं. आपल्याला ‘कि’ लिहायला दोन युनिकोड चिन्हं लागतात, तिथे एकच. त्यामुळे सेकंदाला किती चिन्हं चालतील ही मर्यादा तशीच ठेवली, की वाचून होणार नाही एवढा मजकूरही सॉफ्टवेअर बिनतक्रार पास करतं. शिवाय अक्षरं रुंद. ४२ चिन्हांची ओळ मोबाइलवर मोडून खाली येते. ओळीला ३०, सेकंदाला १२ च्या आसपास ठेवलेलं बरं.

यादी आणि मजकूरखिडकीचा फाँट नोटो सान्स इथिओपिक किंवा अबिसिनिका एसआयएल करा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन दिसू शकतात. फाइल कायम यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या साठवण-पद्धतीत जतन करा. एएनएसआय या जुन्या पद्धतीत गेली, की अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

सगळ्यात उपयोगी पडतं ते ‘मल्टिपल रिप्लेस’, म्हणजे नियम लिहून एकदम अनेक शोध-बदल करण्याची सोय. अम्हारिकचा पूर्णविराम चार ठिपक्यांचा, त्याचं स्वतंत्र चिन्ह आहे. पण घाईत टाइप करणारे दोन कोलन जोडून वेळ मारून नेतात. एक नियम लिहिला की अख्खी फाइल साफ होते. ‘ह’, ‘स’, ‘अ’ या उच्चारांना फिदेलमध्ये एकाहून जास्त अक्षरं आहेत, त्यामुळे एकच नाव दोन भाषांतरकार दोन तऱ्हांनी लिहितात. नावांची यादी आधी ठरवून तीही इथेच नियमांत घालावी.

ओळ आपोआप मोडण्याच्या सोयीवर मात्र विसंबू नका. ‘लाय’ (वर), ‘विस्त’ (आत), ‘गार’ (सोबत) हे शब्द नामानंतर सुटे लिहितात. ते पुढच्या ओळीत ढकलले गेले की वाचणारा अडखळतो, आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता नसतो.

यांत्रिक भाषांतराची सोय आहे, पण ती कच्च्या खर्ड्यापुरतीच. इंग्रजी ‘यू’साठी अम्हारिकमध्ये पुरुषाला अन्ते, बाईला अन्ची, आदराने इर्स्वो, अनेकांना इनान्ते, क्रियापदही त्याबरोबर बदलतं. पडद्यावर कोण कुणाशी बोलतंय हे यंत्राला दिसत नाही. मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात आणि व्हिडिओ वर, असं मांडून माणसानेच प्रत्येक ओळ पाहायला हवी. वेळांचंही तेच. इथिओपियात घड्याळ सहा तासांनी वेगळं मोजतात. सकाळचे सात म्हणजे तिथला एक. वर्षही आपल्या इसवी सनाहून सात-आठने मागे. संवादात वेळ किंवा साल आलं, की कोणती पद्धत वापरायची हे काम देणाऱ्याकडून लेखी घ्या.

सबटायटल्स हळूहळू सरकत जात असतील, तर ओळी एकेक करून ओढत बसू नका. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओची सबटायटल फाइल २३.९७६ फ्रेमच्या व्हिडिओवर लावली, तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटांचा फरक पडतो. ‘चेंज फ्रेम रेट’ने तो एका झटक्यात जातो. फरक सुरुवातीपासून सारखाच असेल, तर मात्र वेळ सरसकट पुढेमागे करा.

ज्या टीव्हीवर इथिओपिक फाँट नाही, तिथे एसआरटी, म्हणजे सबटायटल्सची वेगळी मजकूर-फाइल, देऊन उपयोग नाही. सबटायटल्स चित्रातच छापून द्या. छापताना फाँट पुन्हा निवडावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.